सफरचंदात राहिलेले दोन दात

तीर्थस्वरूप वन्संना शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरचाच समजा. प्रत्यक्षात वाकायची सोय राहिलेली नाही, कंबर धरली आहे. ती कशाने धरली हे पुढे येईल. तुमच्या मनात आत्ता जे कारण आलं त्याने नाही.) तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? जिना बंद केलात, की मी समोर नाही असं बघून पुन्हा सुरू केलात? आणि बीपीची गोळी सकाळची सकाळीच घेता ना? एकतीस वर्षं अख्ख्या वॉर्डाला घड्याळाच्या काट्यावर गोळ्या चारणारी मेट्रन स्वतःची गोळी आठवेल तेव्हा घेते, हे तुमच्या हाताखालच्या नर्सना कळलं तर तुमचा सगळा धाक धुळीला मिळेल. मी खुशाल आहे. गेल्या महिन्यात तुम्ही म्हणालात की आता वन्सं-वन्सं पुरे, सरळ ताई म्हण. मी दोन दिवस घरात एकटीने सराव करून पाहिला. जीभ वळत नाही. तेव्हा रागावू नका, जुनंच चालू ठेवते.

तुम्ही फोनवर विचारलंत, सहल कशी झाली, आणि मी 'छान' म्हणून फोन ठेवला, याचा तुम्हाला राग आला असणार. पण त्या वेळी आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये माझ्या डाव्या हाताला पॉलिशवाली बसली होती, उजव्या हाताला साहेब, आणि दोघांचीही यंत्रं नेमकी तेव्हाच बंद होती. शिवाय हे सगळं फोनवर सांगायला लागले असते तर तुम्ही मध्येच हसला असता आणि मला रडू आलं असतं. म्हणून पत्र. हे एकदम वाचू नका, चहा घेऊन बसा.

आमच्या लिफ्टवाल्यांनी (तुम्ही त्यांना 'तुझे ते' म्हणता, तेही भुवई उडवून) निघायच्या आदल्या दिवशी मला विचारलं होतं, की आपण लग्न करू या का. आत्ता उत्तर नको, म्हणाले, चार दिवस सोबत राहून बघ आणि परतीच्या गाडीत सांग. हे तुम्हाला माहीत आहे, कारण मी त्याच संध्याकाळी धापा टाकत तुमच्याकडे आले होते. माझी भीती काय होती हेही तुम्हाला माहीत आहे. तुमचा भाऊ काही वाईट माणूस नाही. त्याने कधी हात उचलला नाही, कधी दारू प्यायला नाही. तो नुसता गप्प बसायचा. एकदा रुसला की पंधरा-पंधरा दिवस गप्प, आणि मी त्याच्यामागे माझं काय चुकलं, माझं काय चुकलं करत घरभर फिरायची. एकोणीस वर्षं अशी फिरले, मग घटस्फोट घेतला. आता पुन्हा एखाद्या पुरुषाचं तोंड बघून माझा दिवस कसा जाणार ते ठरायला लागलं तर मी काय करायचं, ही एक भीती. दुसरी मी तुम्हाला तेव्हा सांगितली नाही, ती आज सांगते. दर गुरुवारी मी तुमच्याकडे जेवायला येते ते लग्नानंतर कसं जमायचं? दुसऱ्याची बायको होऊन पहिल्या नवऱ्याच्या बहिणीकडे जेवायला जायचं म्हणजे लोक काय म्हणतील ते जाऊ द्या, तुम्हालाच अवघड होईल, असं मला वाटत होतं.

तर मग तुम्ही मला ती यादी करून दिलीत. सेल्फ-केअर, म्हणजे स्वतःची काळजी. (तुमच्या निवृत्त परिचारिकांच्या मंडळात त्यावर भाषण झाल्यापासून तुम्ही शेजारणीच्या मांजरालाही सोडलेलं नाहीये.) वॉर्डातल्या तक्त्यासारखे सकाळ, दुपार, संध्याकाळ असे रकाने पाडून, लाल शाईने. सकाळी आरशात बघून पाच मिनिटं स्वतःशी बरं बोलणं. दुपारी एक गोष्ट फक्त स्वतःसाठी करणं. आणि दिवसातून किमान एकदा, तीन खोल श्वास घेऊन, कोणाला तरी ठामपणे 'नाही' म्हणणं. त्याखाली दोन रेघा ओढून 'कारण द्यायचं नाही'. आता वन्सं, तुम्ही मला सव्वीस वर्षं ओळखता. माझा धंदा कवळ्या करण्याचा. डॉक्टर साच्याबरोबर चिठ्ठी पाठवतो, चिठ्ठीत जे लिहिलंय ते करायचं, त्यात आपली अक्कल घालायची नाही, अशी आमच्या कामाची शिस्त. अशा बाईच्या हातात लाल शाईची चिठ्ठी द्यायची म्हणजे तुम्ही थोडा विचार करायला हवा होता.

हॉटेल समुद्राकाठी होतं आणि योजना खास जोडप्यांसाठीची होती. पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस करून ठेवले होते, पैकी एकाची मान आम्ही दार उघडल्या उघडल्या वाऱ्याने पडली. टेबलावर फळांची टोपली होती. न्हाणीघर मात्र एकच, आणि खरी पंचाईत तिथे झाली. मला रोज सकाळी आरशाशी बरं बोलायला कडी लावून आत बसावं लागायचं. त्यांनाही रोज वीस मिनिटं कडी लावून आत बसावं लागायचं, पण ते कशाला, हे त्यांनी सांगितलेलं नव्हतं. आणि मला माहीत होतं. वन्सं, इथे तुम्हाला एक गोष्ट कबूल करते जी आठ महिने मी तुमच्यापासूनही लपवली.

त्यांचे वरचे समोरचे दोन दात मी केलेले आहेत.

म्हणजे असं, की आम्ही माणसं बघत नाही, साचे बघतो. दोन वर्षांपूर्वी समोरच्या डॉक्टरांकडून एक साचा आला होता, दोन दातांची छोटी, काढता-घालता येणारी कवळी करायची होती. शेजारचे खरे दात किंचित तिरपे होते. साहेब म्हणाले, सरळ लाव आणि मोकळी हो. मी म्हटलं, तिरप्या शेजाऱ्यांत दोन सरळ दात बसवले तर लांबूनही खोटे वाटतील. त्यावरून आमची चांगली जुंपली. शेवटी मी डावा दात केसभर फिरवून, उजव्याच्या जरासा पुढे आणून बसवला, आणि तो इतका जमला की साहेबांनी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने चहा पाजला. मग आठ महिन्यांपूर्वी आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, दुरुस्तीला आलेले हे दार फाकवून वाकले, मला म्हणाले घाबरू नका, आणि हसले. मी घाबरले नव्हतेच. मी त्यांच्या डाव्या दाताकडे बघत होते. (त्यांना वाटलं मी त्यांच्याकडे बघते आहे. पुढचं सगळं त्यातूनच झालं.) आता समोरच्या माणसाला पहिल्याच भेटीत कसं सांगणार, की तुमचे दात मी ओळखते? पहिल्या भेटीत सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या भेटीत सांगता येईना, आणि मग आठ महिने झाले. ते सफरचंद सुरीने कापून खायचे, मी म्हणायची मलाही कापलेलंच आवडतं. मला मुळीच आवडत नाही. आणि रात्री झोपेत मी दात खाते म्हणून मीच माझ्यासाठी केलेलं दातांवर चढवायचं प्लॅस्टिकचं कव्हर, ते मी त्यांच्यापासून डबीसकट आंघोळीच्या टोपीत लपवून नेलं होतं. म्हणजे एका न्हाणीघरात दोन डब्या लपवलेल्या होत्या आणि बाहेर दोन माणसं एकमेकांना आधी तू, आधी तुम्ही करत उभी होती.

पहिला दिवस बरा गेला. 'नाही' म्हणायचं होतं ते मी जास्तीच्या उशीला म्हटलं. दुसऱ्या दिवशी मात्र गप्पांत विसरले. संध्याकाळी साडेपाचला आठवलं की आजचा डोस राहिला आहे. (डोस चुकला की तुम्ही कशा बघता ते डोळ्यांपुढे आलं.) ठरवलं, आता जो कोणी पहिला काही विचारेल त्याला 'नाही'. रिसेप्शनवरची मुलगी काही विचारेना, वेटर फिरकेना. तेवढ्यात हे आतून बाहेर आले, इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस ओले करून बसवलेले, आणि म्हणाले, पाण्याच्या कडेने जरा चालून येऊ या का, मला थोडं बोलायचंय. मी तीन खोल श्वास घेतले आणि ठामपणे म्हटलं, "नाही." त्यांनी विचारलं, बरं नाहीये का? दोन रेघा आठवल्या. मी कारण दिलं नाही. त्यांनी टोपलीतलं एक सफरचंद उचललं आणि ते एकटेच गेले.

दार लागलं तशी मी मनात स्वतःला शाबासकी दिली, वन्सं. खरं सांगते. आणि पाच मिनिटांनी चपला पायात सरकवल्या. पण चिठ्ठीत मागे धावत जाण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

ते परत आले ते रुमाल तोंडाला लावून, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी मी उठले तर पलंग रिकामा आणि उशीवर हॉटेलच्या कागदावर चिठ्ठी: 'आज मला थोडा वेळ स्वतःसाठी हवा आहे. तू तुझं ठरलंय ते कर. माझ्यासाठी थांबू नकोस.' आता ही अक्षरं साधी आहेत, पण मी ती वाचली आणि मला आमचं जुनं स्वयंपाकघर दिसलं, तुमच्या भावाची ताटावरची मान खाली दिसली, आणि पाय आपोआप दाराकडे निघाले, माझं काय चुकलं ते विचारायला. मी दाराची मूठ धरली आणि सोडली. पुन्हा धरली. आरशापुढे जाऊन स्वतःशी बरं बोलायला लागले तर बरं काही सुचेचना, म्हणून तिथेच बसून रडले. आणि मनात म्हटलं, उत्तर मिळालं. परतीच्या गाडीपर्यंत थांबायची गरज नाही.

मग रडून झाल्यावर मला राग आला, आणि रागात मी सेल्फ-केअर करायचं ठरवलं. योजनेत जोडप्याची मालीश होती. हे नव्हते, तरी मी गेले. तिथे दोन मालीशवाल्या होत्या, एक एका माणसासाठी. माणूस एकच आलेला बघून त्यांनी आपापसात काही ठरवलं आणि दोघीही माझ्यावरच आल्या. एकीने पाय धरले, दुसरीने खांदे, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपली बाजू जास्त आखडलेली आहे. ताण सोडा, असं दोघी दोन्हीकडून ओढत सांगत होत्या. कंबर तिथे गेली. तिथून तशीच वाकडी चालत नखांच्या टेबलाशी जाऊन बसले, कारण योजनेत नखंही होती. नखवाल्या बाईंनी माझी नखं बघून तोंड वाकडं केलं (प्लास्टर आणि पॉलिश यांत बोटं घालणाऱ्या बाईची नखं ती), एक बाटली उघडली, आणि त्या वासाने मी पुन्हा रडायला लागले. कारण वन्सं, तो आमच्या लॅबचा वास होता. खोटी नखं ज्या पूड आणि पाण्यापासून (आम्ही पाणी म्हणतो, असतं ते उग्र वासाचं रसायन) करतात ती आमच्या कवळीच्या पूड आणि पाण्याची चुलत भावंडं आहेत. त्या परक्या जागी कोणी आपलं भेटावं तसं झालं. नखवाल्या बाईंना वाटलं, दुखलं.

तेवढ्यात रिसेप्शनवरची मुलगी शोधत आली. तुमचे साहेब सकाळपासून गच्चीवर लिफ्टच्या मशीन रूममध्ये बसले आहेत, म्हणाली. लिफ्टचा आवाज बरोबर नाही असं कागदावर लिहून किल्ली मागितली, आता बाहेर येत नाहीत आणि बोलतही नाहीत. मॅनेजर म्हणतात, त्यांना काही होतंय का ते बघा. मी एका हाताची तीन नखं लावलेल्या अवस्थेत, कंबर धरून, गच्चीवर गेले. हे एका उलट्या डब्यावर बसून मोटारीकडे बघत होते. लिफ्ट खाली जायची, वर यायची, आणि हे ऐकत बसलेले. मी दारात उभी राहिले. काय चुकलं माझं, हे तोंडात आलेलंच होतं. त्यांनी मान वळवली, आणि मी बघितलं की त्यांचा वरचा ओठ दोन मिलिमीटर आत गेला आहे.

वन्सं, एखाद्या माणसाच्या गप्प बसण्याचं कारण मला आयुष्यात पहिल्यांदा बघता क्षणी कळलं. माझं काही चुकलंच नव्हतं. (म्हणजे 'नाही' म्हटलं ते चुकलंच होतं, पण ते निराळं.) मला इतकं हलकं वाटलं की मी हसले, आणि मी हसले म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मात्र मी कुठलीही चिठ्ठी आठवली नाही. जवळ गेले आणि म्हटलं, "दाखवा. ते मीच केलेत." त्यांनी एक हात तोंडावरून खाली घेतला. मग खिशातून रुमाल काढून उलगडला. आत अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं आणि त्यात माझे दोन दात, एक मुळाशी तुटलेला. माझ्या 'नाही'ने वैतागून त्यांनी किनाऱ्यावर पंचविशीतल्यासारखा सफरचंदाला कडकडून चावा घेतला होता. मी त्या डाव्या दाताची सगळी गोष्ट सांगितली, साहेबांशी जुंपली होती तीसुद्धा. ते तोंडावर हात ठेवून म्हणाले, म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं, हो, पहिल्या दिवसापासून. आणि मग माझ्या आंघोळीच्या टोपीत काय आहे तेही सांगून टाकलं. ते म्हणाले, ते मला माहीत आहे, पहिल्याच सकाळी टोपी हलवली तर खुळखुळली.

पुढचं ऐका आणि लगेच ओरडू नका. मी त्यांना नखांच्या टेबलावर नेलं आणि नखवाल्या बाईंची पूड, पाणी, बारीक ब्रश आणि कानस मागून घेतली. तोंडातल्या वस्तूला नखांचं सामान लावायचं नसतं, हे मला तुमच्याइतकंच कळतं. ते फक्त दिसण्यापुरतं होतं, जेवताना काढायचं आणि परत आल्याबरोबर मी नीट नवं करणार, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. पण नखवाल्या बाईंकडे फक्त चमकीवाली गुलाबी पूड शिल्लक होती. तेव्हा उरलेले दोन दिवस आमचे लिफ्टवाले हसले की हिरडी लखलखायची. नखं करायला आलेल्या चार बायका खुर्च्या ओढून बघत होत्या. कंबर मोडलेली, एका हाताला तीन लांब नखं, पुढे तोंड झाकून बसलेला चोपन्न वर्षांचा माणूस, आणि मी त्याचा दात कानशीने घासते आहे. तो डावा दात पुन्हा केसभर तिरपा बसवला तेव्हा मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही. तुम्ही वयाने मोठ्या आहात.

परतीच्या गाडीत मी त्यांना उत्तर दिलं. काय दिलं ते समक्षच बोलू, पत्रात नको. गुडघ्याला शेक घ्या, मीठ कमी खा, आणि मी येईपर्यंत माळ्यावरचं काहीही स्वतः काढू नका. थोरांना नमस्कार म्हणण्यासारखं तुमच्या घरात तुमच्याशिवाय कोणी उरलं नाही, तेव्हा तो पुन्हा तुम्हालाच.

तुमची,
(तुम्ही जिला अजून 'आमची कवळीवाली' म्हणता ती)

ता. क. तुमची निळी पिशवी परत आणली आहे. तिची चेन तुटली आहे. ती माझ्याकडे आली तेव्हाच अर्धी तुटलेली होती, असं मी म्हणणार आहे.

ता. क. २. वर परतीच्या गाडीत म्हटलं ते खोटं आहे. उत्तर मी नखांच्या टेबलावरच दिलं. त्यांचे दात माझ्या हातात होते, त्यामुळे त्यांना चार बायकांपुढे तोंड उघडायची सोय नव्हती, आणि मला आयुष्यातलं महत्त्वाचं बोलणं एकदा तरी मध्ये कोणी न बोलता पुरं करायचं होतं. हो म्हटलं, वन्सं. यादीबाहेर जाऊन म्हटलं.

ता. क. ३. पत्र लिहिलं ते खरं म्हणजे एवढ्यासाठीच, बाकीचं धीर गोळा करायला लिहिलं. येत्या अठरा तारखेला सकाळी साडेअकराला नोंदणी आहे. तीन साक्षीदार लागतात. त्यांच्या बाजूने त्यांचे कामावरचे दोन जोडीदार येणार आहेत. माझ्या बाजूने कोण, असं विचारल्यावर मी तुम्हाला न विचारता तुमचं नाव लिहून आले. तुमच्या भावाला काय वाटेल, याचा तुम्ही विचार करणार हे मला ठाऊक आहे. करा, तो तुमचा भाऊ आहे. नाही आलात तरी गुरुवारी मी येणारच, फक्त थोडी उशिरा येईन आणि बरोबर एक माणूस असेल. पण अर्जात साक्षीदाराचं वधूशी नातं असा रकाना होता आणि तिथे मी 'नणंद' लिहिलं. खिडकीतल्या कारकुनाने चष्मा वर केला आणि विचारलं, वराला बहीण आहे का. म्हटलं, नाही. मग नणंद कुठली? म्हटलं, आधीची. तो म्हणाला, बाई, असं नातं नसतं, मैत्रीण लिहा. मी तिथून हलले नाही. मागे रांग वाढत होती, लोक कुरकुरत होते, माझी कंबर ठणकत होती, तरी हलले नाही. शेवटी त्याने शिक्का मारला. आता फक्त तुम्ही यायचं राहिलं आहे.